पाणी : झऱ्याचं

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेतल्या रजिस्टरांपासून गावातल्या लग्नपत्रिकांपर्यंत सगळं माझ्याकडूनच लिहून घेतात. त्या चांगल्या अक्षरात मी एकदा एक शब्द खोटा लिहिला. पैशाबिशाचं काही नव्हतं, कोर्टकचेरीचंही नव्हतं. चहाबद्दल होतं. हसू आलं तर हसा, मलाही कधी कधी येतं. पण त्या एका शब्दापायी एक बाई चौदा वर्षं स्वतःच्याच घराबाहेर बसली, आणि मी गप्प राहिलो. मी मुळात बोलणारा माणूस नाही. आज बोलतो.

उरणच्या बाजूच्या एका गावात शाळेवर विज्ञान शिकवायला गेलो, तेव्हा मी काकांच्या घरामागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. काका म्हणजे घरमालक. सगळी हयात मिठागरावर मुकादम म्हणून गेलेली. पायांच्या टाचा मिठानं फुटलेल्या, रंग भाजक्या विटेसारखा, आणि जीभ अशी की तिची गावात दंतकथा झालेली. कुणीही चिमूटभर मीठ पुढे करावं, काकांनी बोटाचं टोक टेकवून जिभेला लावावं, डोळे मिटावेत आणि सांगावं, "खालच्या आगरातलं. पयल्या तोडीचं. आनि ज्यानं काढलं त्यानं घाई केली." हे शेवटचं कसं कळतं, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. काका म्हणाले, "मास्तर, जीभ खोटं बोलत न्हाय. मानूस बोलतो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून तीनदा तरी यायचं. पुढे पुढे ते ऐकलं की मी चपला शोधायला लागायचो.

मी राहायला गेलो त्याच वर्षी मिठागरात मातीचा भराव पडला. जिथे मिठाच्या पांढऱ्या राशी असायच्या तिथे कंटेनरवर कंटेनर चढले. काका पेन्शनीत निघालेच होते, पण खरी निवृत्ती त्यांच्या जिभेची झाली. घरात पाकिटातलं मीठ आलं. काकांनी ते चाखलं आणि म्हणाले, "याला गावच न्हाय." त्यानंतर महिनाभर ते जेवताना मीठ कमी का जास्त, हेसुद्धा बोलले नाहीत. काकू घाबरल्या. मला म्हणाल्या, "मास्तर, यांना कनाला तरी कामाला लावा. रिकामी जीभ वाईट."

लावायची वेळ आली नाही. काकांचा भाचा जहाजावर नोकरीला होता, त्यानं कुठल्याशा परदेशी बंदरातून चहाचं एक पाकीट आणलं. पानं तपकिरी, भाजलेली. दूध नको, साखर नको, गरम पाणी ओतायचं आणि गाळून प्यायचं. काकांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मिठासाठी मिटायचे तसे. "भाजलाय," ते म्हणाले. "मंद जालावर. आनि ज्यानं भाजला त्यानं घाई न्हाय केली."

चाळीस दिवसांत पाकीट संपलं. भाचा पुन्हा जहाजावर गेला. काका म्हणाले, "भाजलेलाच हाय ना? मग आपन भाजू."

बाजारातून सुट्टा चहा आणला, भाकरीची मातीची खापरी चुलीवर ठेवली आणि भाजायला बसले. पहिल्या दिवशी इतका धूर झाला की शेजारचा माणूस बादली घेऊन धावत आला. त्या दिवशीचा चहा मी प्यायलो. विझवलेल्या चुलीत पाणी ओतून ते गाळून घ्यावं, तशी चव. शेजाऱ्यानं बादलीतलं पाणी घेऊन चूळ भरली.

काका खचणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी कमी भाजला, तर तो गवतासारखा लागला. तिसऱ्या दिवशी नेहमीच्या चहासारखा खळखळ उकळला, तर कडूजहर. चौथ्या दिवशी नुसतं कोमट पाणी ओतलं, तर रंग आला आणि चव आलीच नाही. काका एकाच दिवशी भाजणीही बदलत, भांडंही बदलत, पाणीही बदलत. मग चहा बिघडला की सुधारला, हे कळायला मार्गच नव्हता. इथे माझ्यातला शिक्षक मध्ये पडला. पडायला नको होता.

"काका," मी म्हणालो, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं तसंच ठेवायचं. आणि लिहून ठेवायचं."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी समुद्राला दार बसवलं. "बरोबर," ते म्हणाले. "लिव्हा तुमी. तुमचं अक्षर बरं हाय."

वही आली. मी रकाने आखले : भाजणी, पाणी, मोजणी, झाकण, शेरा. मोजणी म्हणजे पानांवर पाणी ओतल्यापासून गाळेपर्यंतचा वेळ. काकांना घड्याळ चालत नसे. मिठाच्या टोपल्या मोजताना पहिल्या टोपलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तसं ते किटलीसमोर उकिडवे बसून मोजायचे, "लाभ... दोन... तीन..." मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. बोललं तर मोजणी मोडली, आणि चहा सरळ मोरीत. टपालवाल्यानं एकदा दारातून "पोस्ट!" अशी हाक दिली, तर काकांनी किटली उपडी केली आणि त्याला म्हणाले, "अठरा झाले होते!" तो बिचारा पुढे वर्षभर आमची पत्रं कुंपणाला अडकवून जायचा.

पाण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मोटारसायकल माझी होती. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, असं काकांचं म्हणणं. डोंगराच्या पायथ्याला एक झरा होता, त्याचं पाणी गोड. दर दोन-तीन दिवसांनी मी तिथून कॅन भरून आणायचो. ते पाणी काकांनी कधी चाखून पाहिलं नाही. जगातली कुठलीही गोष्ट ते आधी बोट लावून चाखायचे, पण माझं पाणी नाही. "मास्तरांनी आनलेलं पानी काय चाखायचं?" म्हणायचे.

दर रविवारी चार वाजता मिठागरावरचे त्यांचे तीन जुने सोबती चहा 'बघायला' यायचे. प्यायला म्हणणं बरोबर नाही. एकजण कप घेऊन हळूच परसात जायचा आणि केळीच्या बुंध्याशी ओतून यायचा. त्या केळीला पुढे घड धरलाच नाही, असं तो शपथेवर सांगायचा. दुसरा म्हणायचा, "दादूस, यो चहा हाय का खोकल्याचा काढा?" तिसरा काही बोलायचा नाही, पण पुढच्या रविवारी येताना घरून चहा पिऊन यायचा. काका या तिघांवर चिडत नसत. "थांबा," म्हणायचे, "माना काय पायजे ते माना ठावं हाय." त्यांना काय हवं होतं? त्या परदेशी पाकिटातल्या चवीला त्यांचा एक शब्द होता : गोल. "तोंडात कंय बी टोचत न्हवता. गोल फिरत व्हता." आमचा चहा टोचायचा. शेऱ्याच्या रकान्यात मी चाळीस वेळा लिहिलं : टोचतो.

काकू या सगळ्यातून बाजूला होत्या. त्या सकाळी दूध-साखरेचा आपला चहा प्यायच्या, आणि काकांनी त्यांना भाजका चहा कधी विचारला नाही. "तिला काय समजतंय त्यातलं," असं म्हणायचे. चाळीस वर्षं मुकादमाच्या घरात मीठ निवडलेली, मासे खारवलेली बाई.

आता एक्केचाळिसावा प्रयोग.

त्या रविवारी काकू लेकीचं बाळ बघायला एका दिवसासाठी पनवेलला गेल्या होत्या. आणि गावात टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती. मी अंपायर. कॅन रिकामा होता, झऱ्यावर जाऊन यायला पाऊण तास लागला असता, आणि मैदानावरून माईकवर माझं नाव पुकारत होते. देवळामागे एक विहीर होती. तिचं पाणी मचूळ, म्हणजे किंचित खारं, खाडी जवळ असल्यामुळे. गाव ते भांडीकुंडी, गुरंढोरं यांच्यासाठीच वापरायचं. मी तिथे कॅन भरला, काकांच्या ओट्यावर ठेवला आणि पळालो. एका दिवसानं काय होतंय? चहा तसाही मोरीतच जायचा होता.

सामना संपवून चारला परत आलो तेव्हा मोजणी चालू होती. "पंचवीस... सव्वीस... सत्तावीस." काकांनी गाळला. कप दिले. केळीवाला कप घेऊन उठला, सवयीनं एक घोट घेतला, आणि पुन्हा खाली बसला. दुसरा म्हणाला, "आयला." तिसऱ्यानं कप पुढे केला. "अजून हाय का?"

काकांनी डोळे मिटले.  मग हळूच म्हणाले, "गोल."

मी घोट घेतला आणि मला तिथल्या तिथे कळलं. चिमूटभर मिठानं कडूपणा दबतो, हे मी नववीच्या वर्गात शिकवलेलं होतं. काकांची जीभ जे शोधत होती ते त्यांच्याच मिठागराच्या बाजूच्या विहिरीत पडून होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण काकांचे डोळे ओले झाले होते, आणि वही माझ्यापुढे सरकवून ते म्हणत होते, "लिव्हा, मास्तर. समदं लिव्हा. पानी?"

मी लिहिलं : झऱ्याचं.

का? पहिलं कारण साधं. आळस केला होता, ते चौघांसमोर सांगायची लाज वाटली. दुसरं कारण मला त्याच दिवशी संध्याकाळी सापडलं, आणि ते मला फार आवडलं, कारण त्यात मी भला दिसत होतो. ज्या माणसाची जीभ कुठल्या आगराचं मीठ ते सांगते, त्याला कपातलं मीठ ओळखू आलं नाही, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांची अब्रू राखावी म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी खऱ्या झऱ्यावर गेलो. चहा टोचला. तिसऱ्या दिवशीही टोचला. काका घाबरले नाहीत, रीतीवर त्यांचा विश्वास होता. माझ्या रीतीवर. एक्केचाळिसाव्या दिवशी वेगळं काय होतं त्याची यादी त्यांनी केली : खापरी नुकतीच धुतलेली नव्हती, लाकडं बाभळीची होती, किटलीचं झाकण थोडं वाकडं बसलं होतं. एका वेळी एक, असं सगळं तपासलं. महिन्याभरानं वही घेऊन ते माझ्या खोलीत आले. चेहरा गंभीर.

"मास्तर, समदं बघून झालं. तुमच्याच रीतीनं. एकच उरली."

"काय?"

"ही." त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. "त्या दिशी ती पनवेलला व्हती."

आतून काकूंचा आवाज आला, "म्हंजे माझी नजर लागते चहाला?"

"नजर न्हाय गो. शास्त्र हाय. मास्तरांना इचार."

काकूंनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. "तसं... तपासून बघायला हरकत नाही," मी म्हणालो. हे शब्द माझे आहेत. त्यानंतर मी अनेक वर्षं मुलांना तपासून बघायला सांगताना अडखळायचो.

काकू चार वाजता पडवीत बसायला लागल्या. चहा टोचलाच. काका म्हणाले, वास राहत असंल घरात. मग काकू अंगणात गेल्या. तरी टोचला. मग पावलं मोजून, दारापासून पंधरा पावलांवर, रस्त्याकडेच्या दगडी पारावर त्यांची जागा ठरली. रोज चारला त्या भिजवलेल्या वालांचं पातेलं घेऊन निघायच्या आणि तिथे बिरडं सोलत बसायच्या. पावसात छत्री घेऊन. चहा सुधारत नव्हता, तरी काका त्यांना परत बोलवेनात. "आजून एक चूक बी असंल," म्हणायचे. "ती सापडंपर्यंत ही बदलायची न्हाय. एका वेळी एकच."

तुम्ही म्हणाल, मग पुन्हा गुपचूप विहिरीचं पाणी का नाही आणलं? मी ते रात्रंदिवस मनात घोळवलं होतं. आणलं असतं तर चहा गोल झाला असता. पण काकू बाहेर असताना झाला असता. म्हणजे काकूंवर कायमचा शिक्का. गोड पाणी आणावं तर त्या बाहेर, खारं आणावं तर आणखीच बाहेर. मी एवढंच केलं की पुन्हा कधी आळस केला नाही. पावसाळ्यात झऱ्याच्या वाटेवर घसरून मनगट मोडलं, तरी गळ्यात हात बांधून दुसऱ्या हातानं कॅन आणला. काका सोबत्यांना सांगायचे, "असा प्रामानिक मानूस बघायला भेटायचा न्हाय." माझ्या प्रामाणिकपणामुळे तो चहा पुन्हा कधी गोल झाला नाही.

सहा वर्षांनी माझी महाडकडे बदली झाली. मधल्या काळात दोन-तीनदा जाऊन आलो, आणि चार वाजायच्या आत निघून आलो.

गेल्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. "मास्तर, या. हात थरथरतो आता. सतरावी वही हाय. लिव्हायला कोनी न्हाय."

गेलो. काका निम्मे झाले होते. झरा आटला होता, डोंगराचा तो कोपराच खाणीनं खाल्ला होता. आता पाण्याचा जार विकत यायचा. सोबत्यांपैकी केळीवाला एकटा उरला होता, तोही अंथरुणावर. बाहेर पारावर काकू होत्या, मांडीवर पातेलं, भोवती शेजारच्या चार बाया. मला पाहून त्यांनी नुसतं हात हलवून आत जा म्हटलं. चार वाजायला आले होते.

काकांनी भाजलं, ओतलं, मोजलं, गाळलं. मी वही उघडली. "भाजनी, बेताची," ते सांगू लागले. "मोजनी, सत्तावीस. पानी..."

माझं पेन 'पाणी' या रकान्यावर थांबलं ते पुढे जाईना.

"काका, पहिली वही आहे?"

होती. ट्रंकेत, कापडात बांधलेली. मी एक्केचाळिसावं पान काढलं. खिशात लाल पेन होतं, शिक्षकाच्या खिशात असतंच. 'झऱ्याचं' यावर रेघ मारली आणि वर लिहिलं : देवळामागच्या विहिरीचं. मचूळ. खाली सही केली. वही त्यांच्याकडे फिरवली.

त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी मान खाली घालून उभा, छडी खायला उभा राहावं तसा.

"त्या दिशी तुमी अंपायर व्हता," ते म्हणाले.

"हो."

"मीठ."  मग अगदी बारीक आवाजात, "माझ्या जिभेला समजलं न्हाय?"

याच प्रश्नाला मी चौदा वर्षं भ्यालो होतो. उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं. मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर जुना मुकादम होता. "न्हाय, मास्तर. जीभ खोटं न्हाय बोलली. तिनं सांगितलं गोल हाय. का गोल हाय, ते तिला कोनी इचारलंच न्हाय. तिचं काय चुकलं?" आणि वहीवर बोट ठेवून, "मानूस बोलला खोटं. माझं वाक्य बरोबर हाय."

मग उठले. फडताळातून मिठाची बरणी काढली. पुन्हा पाणी ठेवलं, पानं टाकली, चिमूट टाकली. मोजलं. गाळलं. घोट घेऊन डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा दाराकडे पाहत होते.

"अगो! आत ये."

पारावरून काकूंचा आवाज आला, "आता कनाला? माना हितं सवय झाली. काय हाय ते भायेर घेऊन या."

काकांनी कप उचलला. हात थरथरत होता, बशीत सांडत होतं. मी पुढे झालो, तर त्यांनी मला डोळ्यांनीच मागे सारलं. दारातून पाऊल टाकलं आणि मोजायला लागले, "लाभ... दोन... तीन..." पंधरा.  काकूंनी ओले हात पदराला पुसले, कप घेतला. या घरात इतकी वर्षं भाजला गेलेला चहा त्या पहिल्यांदाच चाखत होत्या.

एक घोट घेतला. लगेच म्हणाल्या, "ह्याच्यात मीठ कोनी घातलं?"

काका माझ्याकडे वळले. बोट केलं. "ह्यांनी. चौदा वर्सांमागं."

मग मला सगळं सांगावं लागलं. तिथेच, रस्त्याकडेला, चार बायांसमोर. विहीर, फायनल, तो एक शब्द, तपासून बघायला हरकत नाही म्हटलेलं. काकू कप धरून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "रामाला बी चौदाच व्हती. पन त्याला निदान ठावं व्हतं, कोनी धाडलं ते."

 त्यांनी वालांचं पातेलं माझ्या पुढ्यात सरकवलं. "बसा. सोला."

मी पारावर बसलो आणि सोलू लागलो. वाल निसटत होते. शेजारची एक बाई म्हणाली, "मास्तर, अक्षर बरं असंल तुमचं, पन हात बरा न्हाय." काकूंनी कप काकांच्या हातात परत दिला. "मीठ जास्त झालंय. कमी घालून आना दुसरा."

काका पंधरा पावलं मोजत आत गेले. जरा वेळानं आतून मोजणी सुरू झाली. "लाभ... दोन... तीन..." मी वाल सोलायचा थांबलो. सवयीनं श्वाससुद्धा धरला. बाया गप्प.

"आनि साकर घाला थोडी!" काकू जोरात ओरडल्या.

मी दाराकडे पाहिलं. आता किटली मोरीत उपडी होणार.

"चार..." आतून आवाज आला. "पाच..."

मोजणी मोडली नाही.